आयर्लंडचा प्रश्न आणि रायपूरचे मराठीजन

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आयर्लंडसारख्या दूरच्या बेटाविषयी लेख वाचावयास मिळावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आयर्लंड कोठे आणि आपले रायपूर कोठे! परंतु इंग्रजी अमलाखाली आयरिश लोकांनी जो वाद जवळजवळ शंभर वर्षे घातला, तोच वाद या गावातही झाला. आणि तो येथपर्यंत आणण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. पन्नास वर्षांच्या वाटचालीकडे मागे वळून पाहताना आपल्या पूर्वसूरींच्या या कामगिरीचे स्मरण करणे उचित होईल.

मराठी माणूस छत्तीसगडात आला तो भोसल्यांच्या राज्याबरोबर. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांची गादी होती. १८१८ नंतर कॅप्टन अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन हा मुलूख थेट इंग्रजांकडे गेला. कारकून, वकील, शिक्षक, मालगुजार अशा नात्यांनी आलेली मराठी कुटुंबे तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा या वस्त्यांतून स्थिरावली. खरेदीविक्रीसाठी त्यांची वाट सदर बाजाराची. सोन्याचांदीच्या पेढ्या आणि कापडाची दुकाने यांनी गजबजलेला हा बाजार. बंगालच्या फाळणीनंतर, म्हणजे १९०५ नंतर, धोतरजोडी मँचेस्टरची घ्यावी की देशी, हा प्रश्न अशाच बाजारपेठांतून राजकीय प्रश्न बनला.

दोन दुष्काळ

आयर्लंडात १८४५ ते १८४९ या काळात बटाट्याचे पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. याच काळात त्या देशातून धान्य इंग्लंडला जातच होते. उपासमार केवळ निसर्गाच्या कोपाने होत नाही, राज्यपद्धतीही तिला कारण असते, हा विचार आयरिश मनात तेव्हापासून खोल रुजला.

छत्तीसगडावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. रेल्वे आल्यापासून येथील तांदूळ परप्रांती जाऊ लागला होता. गाडी धान्य आणते तशीच ती नेतेही, हे लोकांनी पाहिले. दुसऱ्या दुष्काळाच्या ऐन भरात, जानेवारी १९०० मध्ये, पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी! आरंभी ते रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात छापले जाई. १९०१ मध्ये याच मासिकात सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. गरीब विधवेची झोपडी बळकावणारा जमीनदार आणि तिने मागितलेली टोपलीभर माती, असा तिचा विषय. कुळाला घराबाहेर काढणे हाच तर आयर्लंडातील कलहाचा गाभा होता. सप्रे यांनी कथा तेथून घेतली असे मुळीच नव्हे. दुःख एकच असल्यामुळे त्याचे शब्द जुळून आले, इतकेच.

एका आडनावाचा प्रवास

आयर्लंडच्या राजकारणात दोन प्रवाह होते. ओकॉनेल, बट, पार्नेल ही मंडळी पार्लमेंटात बसून, कायद्याच्या चौकटीत राहून हक्क मागणारी. दुसरा प्रवाह १७९८, १८४८ आणि १८६७ साली शस्त्र उचलणाऱ्यांचा. या दोहोंच्या मध्ये मायकेल डेव्हिटने तिसरा मार्ग काढला. १८७९ मध्ये त्याच्या प्रेरणेने कुळांची लँड लीग उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट हा इंग्रज गृहस्थ कुळांच्या रोषास पात्र झाला. त्याच्या शेतात कोणी राबेना, दुकानदार माल देईना, टपाल कोणी पोचवीना. अखेर अल्स्टरहून पन्नास मजूर आणून, फौजेच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले. आणि पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च सरकारला आला. कोणाच्या अंगाला हात न लावता केलेल्या या प्रतिकाराला त्या कारभाऱ्याचेच आडनाव मिळाले.

पंचवीस वर्षांनी हा शब्द बंगालमार्गे हिंदुस्थानभर झाला. टिळकांनी ‘केसरी’तून बहिष्काराचा पुरस्कार केला, आणि त्या लेखांच्या आधारे माधवराव सप्रे यांनी १९०६ मध्ये हिंदीत पुस्तिका लिहिली. तिचे नाव ‘स्वदेशी आंदोलन और बॉयकाट’. मेयो परगण्यातील त्या कारभाऱ्याचे आडनाव पुण्याच्या मराठीतून छत्तीसगडच्या हिंदी वाचकाच्या ओसरीवर आले ते असे. पुढे सरकारने ही पुस्तिका जप्त केली.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. १८९० च्या दशकाच्या आरंभी मध्यप्रांताचे चीफ कमिशनर असलेले अँटनी मॅक्डॉनेल हे याच मेयो परगण्यात जन्मलेले कॅथलिक आयरिश. पुढे आयर्लंडच्याच कारभारात ते उच्चपदी गेले आणि त्यांचे एक बंधू राष्ट्रीय पक्षाचे पार्लमेंट सभासद होते. पंजाबचे मायकेल ओडवायर हेही आयरिशच. उलट बाजूस, १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब हे आयरिश सभासद. जून १९२० मध्ये आयर्लंडातील अत्याचारांच्या निषेधार्थ जालंदरला शस्त्रे खाली ठेवणारे कॅनॉट रेंजर्सचे शिपाईही आयरिश. याच पलटणीतील जेम्स डॅली याला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डगशाई येथे गोळी घातली गेली. एकाच घरातून राज्य करणाराही निघतो आणि बंड करणाराही. आपल्या मराठी घरांतून एक भाऊ सरकारी कचेरीत आणि दुसरा चळवळीत, हे दृश्य निराळे का होते?

मवाळ आणि जहाल

१९०७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडची प्रांतिक राजकीय परिषद रायपुरात भरली. स्वागताध्यक्ष डॉ. हरिसिंग गौर हे मवाळ विचाराचे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे जहालांचे अग्रणी. कामकाजाचा आरंभ ‘वंदे मातरम्’ने व्हावा की नाही, यावर मोठी चकमक झाली. वाद दिसावयास गीताचा; मुळात तो मार्गाचा होता. अर्ज-विनंत्यांनी पुढे जावयाचे, की लोकांच्या बळावर? त्याच वर्षी या प्रांतातील भांडणापायी काँग्रेसचे अधिवेशन नागपूरहून सुरतेस हलवावे लागले आणि तेथे ती दुभंगली. पार्नेलचा पक्ष १८९० मध्ये फुटला त्याचे स्मरण त्या वेळच्या सुशिक्षितांना झाले नसेल असे म्हणवत नाही.

एप्रिल १९०७ मध्ये सप्रे यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. २२ ऑगस्ट १९०८ रोजी त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. वडीलबंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहाखातर त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. त्या सहीचा सल त्यांना जन्मभर राहिला. काही काळ त्यांनी मधुकरी मागून विरक्ताप्रमाणे दिवस काढले, रामदासांच्या चिंतनात मन रमविले, ‘दासबोध’ हिंदीत आणला. आयर्लंडात १८४३ मध्ये ओकॉनेलने सरकारी बंदी येताच क्लॉन्टार्फची प्रचंड सभा स्वतःच रद्द केली होती, रक्तपात टळावा म्हणून. तेव्हाही लोकांनी त्याला भित्रा ठरविले. माघार घेणाऱ्याचा न्याय त्या एका दिवसावरून करू नये, हे दोघांच्याही चरित्रांवरून दिसते. सप्रे यांचे अर्ध्याहून अधिक मोलाचे कार्य त्या सहीनंतरचे आहे.

१९१६ चा एप्रिल

टिळक मंडालेस असताना, १९०९ मध्ये, न. चिं. केळकर यांचा ‘आयर्लंडचा इतिहास’ प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाला हा विषय तेव्हापासून घरचा झाला. सुटून आल्यावर १९१४ मध्ये टिळकांनी जाहीर पत्रात आपली भूमिका आयरिश होमरूलवाद्यांसारखीच आहे, राज्यकारभार सुधारावा एवढाच हेतू आहे, असे सांगितले. ‘होमरूल’ हा शब्द घेण्यात धोरण होते. जी मागणी इंग्लंडच्या पार्लमेंटात उघडपणे चर्चिली जाते, तिला येथे राजद्रोह म्हणणे सरकारला जड जाणार होते.

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावला टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस केळकर. आणि त्याच आठवड्यात, २४ एप्रिलला, डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला होता! होमरूलचा कायदा १९१४ मध्येच संमत झाला होता, परंतु महायुद्धाच्या सबबीवर तो बासनात ठेवला गेला. त्या वाट पाहण्याला विटलेल्या तरुणांनी शस्त्र उचलले. २९ एप्रिलला ते शरण आले. ३ ते १२ मे या दहा दिवसांत पंधरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या उठावाला आरंभी डब्लिनकरांची फारशी सहानुभूती नव्हती, त्याला या शिक्षांनी लोकमान्यता मिळवून दिली. १९१८ च्या निवडणुकीत शिन फेनला ७३ जागा मिळाल्या आणि जुन्या होमरूल पक्षाला अवघ्या ६. ज्या नावाने आपली चळवळ येथे नुकतीच उभी राहत होती, त्या नावाचा पक्ष त्याच्या जन्मभूमीतच संपला.

मध्यप्रांत व वऱ्हाड हा टिळकांच्या लीगच्या कार्यक्षेत्रात मोडत होता. ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये आले आणि सप्रे यांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद १९१६ मध्ये. हिंदी भाषकांपर्यंत टिळक पोचले ते मुख्यत्वे या वाटेने.

कायदेमंडळात की बाहेर?

आयरिश वादाचा शेवटचा अंक १९२२ चा. इंग्लंडशी झालेला तह स्वीकारावा की नाकारावा, यावर कालपर्यंतचे सहकारी एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले आणि १९२३ पर्यंत यादवी चालली. त्याच १९२२ च्या डिसेंबरात गया काँग्रेसमध्ये कौन्सिलप्रवेशाचा वाद पेटला. कौन्सिलात शिरून ते आतून बंद पाडावे, ही पार्नेलने १८७७ नंतर लंडनच्या पार्लमेंटात गाजविलेली युक्ती. आपल्या प्रांतात ती सर्वांत यशस्वी झाली. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला नागपूरच्या कौन्सिलात बहुमत मिळाले, रायपूरचे पं. रविशंकर शुक्ल निवडून आले, आणि पक्षाने मंत्रिपदे नाकारून द्विदल राज्यपद्धतीच मोडीत काढली. १९२५ मध्ये श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारी पद स्वीकारल्यावर मराठी पुढाऱ्यांतच पुन्हा फाटाफूट झाली. कटुता खूप आली. परंतु आमच्याकडे भावाने भावावर गोळी झाडली नाही. मतभेद सभेत राहिला, हे त्या पिढीचे मोठेच संचित मानावे लागेल.

वामनराव लाखे यांचा मार्ग पाहा. १९१३ च्या सुमारास त्यांनी रायपुरात सहकारी बँकेच्या उभारणीस हात घातला. आयर्लंडातही होरेस प्लंकेटने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभारल्या होत्या. पुढे असहकाराच्या काळात लाखे यांनी सरकारने दिलेली ‘रायसाहेब’ ही पदवी परत केली. विधायक काम आणि प्रतिकार हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून झाले.

उपसंहार

या सर्व हकीकतीतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. सप्रे आणि लाखे यांनी वाचले मराठीत, लिहिले हिंदीत. पुण्याचा विचार त्यांनी तात्यापाऱ्याच्या चार भिंतींत जपून ठेवला नाही. ज्या मातीत आपण राहतो तिच्या भाषेत तो वाटून टाकला. १९२४ मध्ये सप्रे देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. आज हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, सप्रे शाळा आणि लाखेनगर ही नावे रोज आपल्या तोंडी असतात. परंतु ती नावे कोणाची, हे आपल्याच घरातील मुलांना विचारले असता उत्तर मिळेलच असे नाही.

आयरिश लोकांनी आपली भाषा बहुतांशी गमावली आणि मग ती परत मिळविण्यासाठी १८९३ पासून गेलिक लीगच्या द्वारे धडपड केली. आपल्यावर ती वेळ येऊ नये म्हणूनच मंडळे स्थापन झाली. मंडळाने मराठी टिकवावी, हे निःसंशय. पण ती कशासाठी टिकवावयाची, याचे उत्तर सप्रे-लाखे यांनी देऊन ठेवले आहे: शेजाऱ्याला देण्याजोगे काही आपल्यापाशी असावे म्हणून. पुढील पन्नास वर्षांत मंडळाच्या ग्रंथालयातील मराठी ग्रंथांतून छत्तीसगडी आणि हिंदी वाचकाच्या हाती एखादे नवे ‘गीतारहस्य’ पडले, तर हा सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.