युद्धकालीन उपहासात्मक पोस्टकार्डांचा संग्रह

युद्धकाळात शत्रुराष्ट्र, त्याचे राज्यकर्ते आणि सैन्य यांची टिंगल करण्यासाठी छापली गेलेली सचित्र पोस्टकार्डे जमवणे, त्यांचा कालनिर्णय करणे आणि ती जतन करणे ही पोस्टकार्ड-संग्रहाची एक शाखा आहे. पोस्टकार्ड-संग्रहाच्या छंदाला 'डेल्टिऑलॉजी' असे नाव असून ते लहान लेखनपट्टिका या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तयार झाले आहे. बोअर युद्धापासून (१८९९–१९०२) दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतची कार्डे या शाखेत प्रामुख्याने जमवली जातात. प्रचाराच्या भित्तिपत्रकावरून लोकांना काय दाखवले गेले ते कळते. पोस्टकार्डावरून मात्र लोकांनी काय विकत घेतले आणि स्वतःच्या अक्षरात मजकूर लिहून आप्तांना काय पाठवले, तेही कळते. त्यामुळे सामान्य माणसाच्या युद्धकालीन मनोवृत्तीचे साधन म्हणून इतिहासलेखनात या कार्डांना महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

जगातील पहिले अधिकृत पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी काढले. भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले. आरंभीच्या कार्डांची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखीव असे. त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला उरलेल्या जागेत लिहावा लागे. ब्रिटनने १९०२ मध्ये पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करून एका भागात मजकूर लिहिण्यास परवानगी दिली. पुढील काही वर्षांत फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका (१९०७) यांनीही तीच पद्धत स्वीकारली. चित्राला संपूर्ण दर्शनी बाजू मोकळी मिळाल्यामुळे व्यंगचित्रकारांना हे माध्यम सोयीचे झाले.

बोअर युद्धात जर्मनी व फ्रान्समधील प्रकाशकांनी ब्रिटनची खिल्ली उडवणारी कार्डे काढली आणि बोअरांचे नेते पॉल क्रूगर यांना नायक म्हणून रंगवले. रशिया-जपान युद्धाच्या काळात (१९०४–०५) जपानमध्ये पोस्टकार्डांची मोठी लाट आली. तेथील सरकारी टपाल खात्याने युद्धाच्या स्मरणार्थ कार्डांचे संच काढले, तर खासगी प्रकाशकांनी उपहासाची कार्डे बाजारात आणली.

पहिले महायुद्ध

उपहासात्मक कार्डांचा सर्वांत मोठा साठा पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) आहे. यांतील बहुतेक कार्डे सरकारने नव्हे, तर खासगी प्रकाशकांनी नफ्यासाठी छापली. सरकारचे काम मुख्यतः तपासणीचे होते. लोकांना शत्रूची निंदा हवी होती आणि तिला गिऱ्हाईक होते, ही गोष्ट या कार्डांच्या विपुलतेवरून स्पष्ट होते.

फ्रेंच व ब्रिटिश कार्डांवर कैसर विल्हेल्म दुसरा याच्या टोकदार मिशा आणि जर्मन सैनिकांचे अणकुचीदार शिरस्त्राण ही ठरलेली चिन्हे होती. डुकराच्या रूपातील जर्मन सैनिकही वारंवार आढळतो. जर्मन व ऑस्ट्रियन कार्डांवर जाडजूड जॉन बुल आणि रशियन अस्वल यांना चोप मिळताना दिसतो. कवी एर्न्स्ट लिसाउअर याच्याशी जोडलेली, देवाने इंग्लंडला शासन करावे अशा अर्थाची घोषणा जर्मनीत कार्डांवरही छापली गेली. रशियात १९१४ मध्ये 'सेगोद्न्याश्नी लुबोक' या प्रकाशनसंस्थेसाठी चित्रकार काझिमिर मालेविच आणि कवी व्लादिमीर मायाकोव्हस्की यांनी लोकचित्रांच्या शैलीत भित्तिपत्रके व पोस्टकार्डे केली.

डच व्यंगचित्रकार लुई रामाकर्स (१८६९–१९५६) याची बेल्जियमवरील जर्मन आक्रमणाचा निषेध करणारी चित्रे पोस्टकार्डांच्या रूपाने अनेक देशांत पोहोचली. ब्रिटिश सैन्यातील अधिकारी ब्रूस बेअर्न्सफादर (१८८७–१९५९) याने शत्रूऐवजी खंदकातील चिखल आणि सैनिकांचे हाल यांवर विनोद केला. 'द बायस्टँडर' या नियतकालिकात आलेल्या त्याच्या चित्रांची पोस्टकार्डे निघाली. त्याचा जन्म तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील मरी येथे झाला होता.

भारतीय सैनिकांचे चित्रण

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैन्य मार्सेय बंदरात उतरले. या सैन्यात खडकी येथे मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्याही होत्या; २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेलच्या लढाईत त्यांच्या दोन कंपन्यांची मोठी हानी झाली. फ्रेंच कार्डांवर हिंदी सैनिक कौतुकाचा व कुतूहलाचा विषय होता. जर्मन कार्डांवर मात्र, वसाहतींतील माणसे लढायला आणावी लागतात म्हणून ब्रिटन व फ्रान्सची टिंगल केली गेली आणि त्या ओघात हिंदी व आफ्रिकी सैनिकांना हास्यास्पद रूपात रंगवले गेले. दोन्ही प्रकारच्या कार्डांत सैनिकाचा स्वतःचा आवाज नाही. त्यासाठी अभ्यासकांना टपाल-तपासणी विभागाने भाषांतरित केलेल्या सैनिकांच्या पत्रांकडे वळावे लागते.

दुसरे महायुद्ध

या काळापर्यंत रेडिओ आणि चित्रपट ही प्रभावी प्रचारमाध्यमे झाली होती. तरी पोस्टकार्डे निघतच राहिली. अमेरिकेत हिटलर, मुसोलिनी व तोजो यांची टिंगल करणारी विनोदी कार्डे लोकप्रिय होती. त्यांतील जपानी माणसाचे चित्रण अनेकदा उघड वंशद्वेषी आहे. सोव्हिएत संघात कुप्रियानोव्ह, क्रिलोव्ह व सोकोलोव्ह हे तीन चित्रकार 'कुक्रिनिक्सी' या एकाच नावाने काम करीत. हिटलरविरोधी व्यंगचित्रांसाठी ते प्रसिद्ध आहेत. इटलीत जिनो बोक्कासिले याने फॅसिस्ट राजवटीसाठी चित्रे काढली. २९ डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात राफाएल टक अँड सन्स या विख्यात पोस्टकार्ड कंपनीची लंडनमधील इमारत नष्ट झाली आणि तिच्याबरोबर कंपनीचा मूळ चित्रांचा व कागदपत्रांचा मोठा साठाही गेला.

कालनिर्णय व अस्सलपणा

कार्डाची मागील बाजू चित्राइतकीच महत्त्वाची मानली जाते. टपालशिक्का, तिकीट, तपासणी अधिकाऱ्याचा शिक्का, सैनिकी टपालाचा क्रमांक आणि मजकूर यांवरून कार्डाचा काळ व प्रवास कळतो. पुष्कळदा दर्शनी बाजूवर शत्रूचा संहार असतो आणि मागे मुलांच्या प्रकृतीची चौकशी किंवा मोजे पाठवण्याची विनंती असते. म्हणून तिकीट सोलून काढणे किंवा लिहिलेले कार्ड कोऱ्या कार्डापेक्षा हलके समजणे अभ्यासाच्या दृष्टीने चुकीचे ठरते.

जुन्या कार्डांच्या नकला बाजारात येतात. भिंगाखाली जुने शिलामुद्रण आणि आधुनिक छपाईचे ठिपके यांतील फरक दिसतो. अतिनील प्रकाशात निळसर पांढरा चमकणारा कागद बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा असतो, कारण शुभ्रता वाढवणारी रसायने कागदात त्यानंतर सर्रास वापरली जाऊ लागली.

जतन

कार्डे आम्लविरहित कागदाच्या किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवतात. पीव्हीसीची पाकिटे कालांतराने कागदाला अपाय करतात. ऊन, दमट हवा, चिकटपट्टी आणि गोंद टाळणे आवश्यक असते. नोंद करावयाची झाल्यास ती कार्डावर न करता वेगळ्या कागदावर करतात.

महत्त्वाचे संग्रह

फ्रान्समध्ये आंरी व लुईझ लब्लां या दांपत्याने महायुद्ध सुरू असतानाच त्यासंबंधीचे छापील साहित्य जमवले आणि १९१७ मध्ये ते राष्ट्राला दिले. त्यातूनच 'ला काँतांपोरेन' या ग्रंथालयाची सुरुवात झाली. लंडनचे इंपीरियल वॉर म्युझियमही १९१७ मध्येच स्थापन झाले. अमेरिकी उद्योगपती लिओनार्ड लॉडर यांचा पोस्टकार्ड-संग्रह बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाकडे आहे. दोन महायुद्धांच्या काळातील प्रचारकार्डांवर तेथे प्रदर्शनही भरले होते.

नैतिक प्रश्न

या कार्डांतील पुष्कळ चित्रे द्वेषमूलक आहेत. ती जमवून व विकून द्वेषाचा पुन्हा प्रसार होतो, असा आक्षेप घेतला जातो. ती नष्ट केल्यास द्वेष किती सहजपणे घरोघर पोहोचत होता याचा पुरावाच नाहीसा होईल, असे त्यावर उत्तर दिले जाते. जर्मनीत नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनास कायद्याने बंदी आहे. शिक्षण, संशोधन व कला यांसाठी अपवाद आहे.

या संदर्भात बर्लिनचे संग्राहक वोल्फगांग हाने (१९२४–२०१७) यांचे उदाहरण दिले जाते. ज्यू आईचे पुत्र म्हणून नाझी राजवटीत छळ सोसलेल्या हाने यांनी उतारवयात ज्यूविरोधी पोस्टकार्डे जमवली. युद्धकाळापुरता मर्यादित नसलेल्या या संग्रहाच्या आधारे १९९९ मध्ये फ्रँकफर्ट येथे प्रदर्शन भरले. पुढे हा संग्रह बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयाकडे आला. ज्या चित्रांचे लक्ष्य आपला समाज होता, तीच चित्रे पुरावा म्हणून सांभाळण्याचा हा प्रयत्न होता. संदर्भाची माहिती सोबत देऊनच अशी कार्डे प्रदर्शित करावीत, हा विचार आता संग्रहालयांत सामान्यतः मान्य झाला आहे.