१४५ हॉर्सपॉवरची एमजी १३७ हॉर्सपॉवरच्या एमजीपुढे फिकी का पडली?

गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. 'किती देते?' आणि 'सीसी किती?' इंजिन जेवढं मोठं तेवढी गाडी भारी, असा सरळ हिशोब. हा हिशोब कुठे चुकतो हे बघायचं असेल तर ब्रिटनच्या 'एमजीबी'ची गोष्ट वाचायला हवी.

१९६२ ते १९८० अशी तब्बल १८ वर्षं ही दोन दारांची स्पोर्ट्स कार बनत राहिली. पाच लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. बॉडी शेवटपर्यंत जवळपास तीच होती. पण त्या एकाच बॉडीत कंपनीने तीन वेगवेगळी इंजिनं बसवून पाहिली. १८०० सीसीचं चार सिलिंडरचं, २९०० सीसीचं सहा सिलिंडरचं आणि ३५०० सीसीचं आठ सिलिंडरचं. यातलं मधलं इंजिन कागदावर सगळ्यात जास्त हॉर्सपॉवरचं, आणि टीका सगळ्यात जास्त त्यालाच खावी लागली.

आता सुरुवातीपासून बघू.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात त्यांचा कारखाना होता. १९६२ साली त्यांनी एमजीबी आणली तेव्हा त्यात नवं काय होतं, तर बॉडी. आधीच्या 'एमजीए'त खाली वेगळी चेसिस आणि तिच्यावर बॉडी, असा प्रकार होता. एमजीबीत बॉडीच चेसिसचं काम करत होती. त्यामुळे आत पाय पसरायला जागा झाली आणि गाडी भक्कमही झाली. इंजिन मात्र जुन्याच घरातलं घेतलं. त्याचं नाव 'बी सिरीज'.

आणि इथे आपला संबंध येतो. आपल्याकडे मंत्र्यासंत्र्यांच्या पांढऱ्या ॲम्बेसेडर वर्षानुवर्षं ज्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनावर धावल्या, ते याच बी सिरीजमधलं. दोन्ही इंजिनांत पिस्टन वर-खाली जेवढा सरकतो ते अंतर, म्हणजे स्ट्रोक, ८८.९ मिलीमीटरच आहे. फरक सिलिंडरच्या तोंडाचा. ॲम्बेसेडरमध्ये ते साधारण ७३ मिलीमीटर होतं. एमजीने आपल्या गाड्यांसाठी ते टप्प्याटप्प्याने रुंदावत एमजीबीत ८०.२६ मिलीमीटरपर्यंत नेलं आणि १७९८ सीसी गाठलं. वर दोन एसयू कार्ब्युरेटर बसवले आणि ९५ हॉर्सपॉवर काढली. थोडक्यात, ॲम्बेसेडरचं हृदय आणि एमजीबीचं हृदय म्हणजे चुलत भावंडं. एक सरकारी नोकरीत रमलं, दुसरं समुद्रकिनाऱ्यावर छत उघडून फिरलं.

हे इंजिन सगळं ओतीव लोखंडाचं, साधं आणि दणकट. गाडी ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास जायची. आजच्या मानाने हे काही विशेष नाही, पण १९६२ मध्ये सामान्य पगारदाराला परवडेल अशा गाडीसाठी ते भरपूर होतं.

सुरुवातीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगवर फिरायचा. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा. या दांड्याला तीनच ठिकाणी आधार असेल तर जोरात फिरताना तो किंचित लवतो आणि थरथर वाढते. १९६४ च्या शेवटी एमजीने पाच बेअरिंगचं इंजिन आणलं. ताकद तेवढीच राहिली, पण इंजिन शांत झालं आणि आयुष्य वाढलं. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही यावर वाद घालतात. तीनवाले म्हणतात आमचं इंजिन मोकळं फिरतं, पाचवाले म्हणतात आमचं टिकतं. रोज चालवायची गाडी असेल तर पाचवाल्यांचंच खरं.

आता येते फसलेली गाडी.

ॲबिंग्डनच्याच कारखान्यात 'ऑस्टिन-हीली ३०००' नावाची दुसरी एक स्पोर्ट्स कार बनत होती. ती जुनी झाली होती, बंद करायची वेळ आली होती. तिची जागा घ्यायला नवी गाडी बनवण्याएवढा पैसा खर्च करण्याऐवजी कंपनीने सोपा मार्ग काढला. एमजीबीच घ्यायची आणि तिच्यात हीलीच्या घराण्यातलं सहा सिलिंडरचं 'सी सिरीज' इंजिन बसवायचं. १९६७ मध्ये ही गाडी 'एमजीसी' नावाने आली. २९१२ सीसी, १४५ हॉर्सपॉवर, ताशी १९३ किलोमीटर. ब्रोशर वाचून कुणीही खिशात हात घातला असता.

गोची एकच होती. हे इंजिनही लोखंडाचं, त्यात सहा सिलिंडर एका रांगेत, म्हणजे लांबलचक. एमजीबीच्या इंजिनापेक्षा ते तब्बल ९५ किलोने जड होतं. म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा बॉनेटवर बसवून गाडी चालवण्यासारखं.

याने काय होतं? सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी भाजीच्या भरलेल्या पिशव्या अडकवून वळण घेऊन बघा. हँडल वळतं, पण सायकल सरळ जायला बघते. तीच पिशवी मागच्या कॅरिअरला लावली तर एवढा त्रास होत नाही. गाडीतही वळवायचं काम पुढची चाकं करतात. त्यांच्यावरचं ओझं वाढलं की वळणावर गाडीचं नाक बाहेरच्या बाजूला ओढ घेतं. याला अंडरस्टीअर म्हणतात. स्पोर्ट्स कार घेणारा माणूस वळणांच्या मजेसाठीच पैसे मोजत असतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हा दोष अक्षम्य.

वजन तर होतंच, पण हे धूड बसवण्यासाठी आणखी काय काय करावं लागलं ते बघा. इंजिन मावेना म्हणून पुढच्या सस्पेन्शनचा मुख्य आडवा बीम आणि कॉइल स्प्रिंगा काढून टॉर्शन बार लावावे लागले. बॉनेटला मोठा फुगवटा काढला, आणि तरीही कार्ब्युरेटर लागायला लागला म्हणून त्या फुगवट्यावर थेंबाच्या आकाराचा आणखी एक छोटा फुगवटा काढला. जड नाकामुळे स्टीअरिंग ओढायला कष्ट पडू नयेत म्हणून त्याचं प्रमाण बदललं. मग तेवढंच वळण घ्यायला स्टीअरिंग जास्त फिरवावं लागू लागलं. एक चूक झाकायला दुसरी तडजोड, ती झाकायला तिसरी.

त्या वेळच्या मोटार पत्रकारांनी गाडीला चांगलंच झोडपलं. हीलीच्या चाहत्यांनाही ती आपली वाटली नाही. १९६९ मध्ये ती बंद झाली तेव्हा जेमतेम ९००० गाड्या बनल्या होत्या. त्यातली एक तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स यांच्याकडे होती, एवढाच काय तो मान. गंमत म्हणजे आज चांगले टायर आणि सुधारलेले शॉक ॲब्झॉर्बर लावलेली एमजीसी लांबच्या हायवे प्रवासासाठी फार सुखाची मानली जाते. पण ती घाटातली गाडी नव्हे.

तिसरं इंजिन मुळात ब्रिटिश नव्हतंच. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९६० च्या सुमारास ब्यूक आणि ओल्ड्समोबाइल या गाड्यांसाठी ३.५ लीटरचं व्ही८ इंजिन बनवलं होतं. आठ सिलिंडर, पण ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियमचं ओतकाम महाग आणि किचकट पडायला लागलं, म्हणून अमेरिकनांनी दोन-तीन वर्षांत ते सोडून दिलं. ब्रिटनच्या रोव्हर कंपनीच्या प्रमुखांच्या अमेरिकेत ते नजरेस पडलं आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. पुढे रेंज रोव्हरमध्ये हेच इंजिन गेलं. एवढंच काय, १९६६ साली जॅक ब्रॅबम ज्या गाडीवर फॉर्म्युला वनचे विश्वविजेते झाले, तिच्या रेप्को इंजिनाचा ब्लॉकही याच ओल्ड्समोबाइल घराण्यातला.

१९६८ नंतर एमजी आणि रोव्हर दोघंही 'ब्रिटिश लेलँड' या एकाच मोठ्या कंपनीच्या छत्राखाली होते. म्हणजे एका खोलीत हलकं आणि ताकदवान इंजिन, शेजारच्या खोलीत त्याची वाट बघणारी गाडी. पण दोघांची गाठ घालून दिली ती केन कॉस्टेलो या बाहेरच्या माणसाने. रेसिंगच्या जगातल्या या गड्याने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये एमजीबीत रोव्हरचं व्ही८ बसवलं आणि तशा गाड्या करून विकायला सुरुवात केली. कंपनीच्या साहेबांनी ती गाडी बघितली आणि मग ॲबिंग्डनला आदेश गेला की, आपणही करा.

ॲबिंग्डनच्या लोकांनी काम कॉस्टेलोपेक्षाही सफाईदार केलं. कॉस्टेलोच्या गाडीला बॉनेटवर फुगवटा होता. ॲबिंग्डनने कार्ब्युरेटर मागच्या बाजूला सरकवले आणि बॉनेट सपाट ठेवलं. सस्पेन्शनची मोडतोड नाही, टॉर्शन बार नाहीत. कारण हे आठ सिलिंडरचं इंजिन वजनाला चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच होतं. ऑगस्ट १९७३ मध्ये 'एमजीबी जीटी व्ही८' बाजारात आली.

आता आकडे समोरासमोर ठेवू. एमजीसी १४५ हॉर्सपॉवर, व्ही८ १३७. तरीही व्ही८ ताशी २०० किलोमीटरला टेकायची आणि शून्यावरून ताशी ९६ किलोमीटरचा वेग एमजीसीच्या आधी गाठायची. यामागे टॉर्क आहे. टॉर्क म्हणजे गाडी ओढण्याचा जोर. एमजीसीचा जास्तीत जास्त टॉर्क साधारण २३० न्यूटन मीटर होता, तोही ३४०० आरपीएमला. व्ही८ चा २६२, आणि तो २९०० लाच हजर. इंजिनाला ओरडायला न लावता गाडी सुसाट सुटायची, आणि वळणावर नाकही जागेवर राहायचं.

अर्थात जुन्या ब्रोशरांमधले हॉर्सपॉवरचे आकडे जपून वाचावेत. ६० च्या दशकात आणि ७० च्या दशकात मोजण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या. एमजीबीची सुरुवातीची ९५ हॉर्सपॉवर नंतरच्या जर्मन डीआयएन पद्धतीने मोजल्यावर ८४ झाली. इंजिन तेच, फक्त तराजू बदलला.

मग ही व्ही८ धो धो विकली गेली असेल? नाही. ती आली आणि दोनच महिन्यांत अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेलाचं संकट आलं. ३.५ लीटरची गाडी घ्यायची ती वेळच नव्हती. किंमतही फोर्डच्या ३ लीटर कॅप्रीपेक्षा जास्त. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कंपनीने ती अमेरिकेत अधिकृतपणे विकलीच नाही, आणि छत उघडणारं मॉडेलही आणलं नाही. एमजीबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत, व्ही८ चे वेडे अमेरिकेत, इंजिनाचं माहेरही अमेरिकेत, आणि गाडी विकायची फक्त ब्रिटनमध्ये! १९७६ पर्यंत २५९१ गाड्या बनल्या आणि विषय संपला. हेच इंजिन मिळालं असतं तर १९६७ मध्ये काय झालं असतं, हा प्रश्न एमजीप्रेमींना आजही छळतो.

आणि अमेरिकेच्या वाट्याला काय आलं? तिथे धक्के सोसणाऱ्या बंपरचे आणि प्रदूषणाचे नियम कडक होत होते. नवी गाडी बनवायला ब्रिटिश लेलँड पैसे देईना. म्हणून १९७४ च्या शेवटी जुन्याच एमजीबीला काळे रबरी बंपर लावले आणि दिवे-बंपर नियमात बसावेत म्हणून अख्खी गाडी दीड इंचाने उंच केली. वर पैसे वाचवायला पुढचा अँटी-रोल बारही काढला. गाडी वळणावर होडीसारखी झुकू लागली. अमेरिकेतल्या गाड्यांना दोन एसयूंच्या जागी एकच स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर मिळाला आणि ताकद साठीच्या घरात घसरली. म्हणजे १९६२ ची गाडी १९७६ च्या गाडीपेक्षा वेगवान होती. अँटी-रोल बार १९७७ च्या मॉडेलला परत आले, पण इंजिन तेच थकलेलं राहिलं.

सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनने कारखान्याची ५० वर्षं साजरी केली. गावात मिरवणूक निघाली, जल्लोष झाला. तो संपतो न संपतो तोच, सोमवारी १० सप्टेंबरला ब्रिटिश लेलँडने कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. तिच्या बॉनेटखाली तेच १७९८ सीसीचं इंजिन होतं.

एमजी हे नाव फिरत फिरत आज चीनच्या साइक कंपनीकडे आहे. आपल्याकडे 'हेक्टर' विकणारी एमजी ती हीच, आणि मुंबईचा जेएसडब्ल्यू समूह तिच्या भारतीय कंपनीत भागीदार आहे. पण जुन्या एमजीबीच्या चाहत्यांची एक इच्छा उशिरा का होईना पूर्ण झाली. १९९२ मध्ये रोव्हरने 'एमजी आरव्ही८' नावाची गाडी आणली. एमजीबीच्या जुन्या साच्यांवरूनच घेतलेली बॉडी, छत उघडं आणि आत तेच ॲल्युमिनियमचं व्ही८, आता ३.९ लीटरचं आणि १९० हॉर्सपॉवरचं. साधारण २००० गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या गेल्या जपानला.