अकराला दोन मिनिटे कमी

8 नोव्हेंबर 1918. फ्रान्समधल्या काँपिएन्यच्या जंगलात, रुळावर उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती मार्शल फॉश यांनी जर्मन शिष्टमंडळापुढे युद्धविरामाच्या अटी ठेवल्या. उत्तराला मुदत 72 तासांची. ती संपणार 11 तारखेला सकाळी 11 वाजता. निदान तोवर गोळीबार थांबवा, ही जर्मनांची विनंती फॉश यांनी फेटाळली. पुढचे सगळे याच नकारातून घडले.

11 नोव्हेंबर, पहाटे 4. बेल्जियममधल्या फ्रामरीहून कॅनडाची 28वी पलटण निघाली. काम होते हाव्रेपर्यंत जाऊन कालव्यावरचे पूल ताब्यात घेण्याचे. तिच्यात जॉर्ज लॉरेन्स प्राइस हा पंचविशीतला साधा शिपाई होता. जन्म नोव्हा स्कोशियातल्या फालमथ या खेड्यातला. तिथून निम्मा देश ओलांडून तो सस्कॅचवान प्रांतातल्या मूस जॉला गेला, मजुरी करू लागला. लढाईची हौस त्याला इथवर घेऊन आली नव्हती. 1917 साली कॅनडाने सक्तीच्या भरतीचा कायदा केला आणि त्याच ऑक्टोबरात त्याच्या अंगावर वर्दी चढली.

पहाटे 5 वाजून काही मिनिटे. रेल्वेच्या डब्यात सह्या झाल्या. कागदावर महायुद्ध संपले, पण अंमल मात्र 11 वाजल्यापासून. निरोप शेकडो मैलांच्या आघाडीवर पोहोचायचा, म्हणून सहा तास ठेवले असे समजून घेता येते. पण फॉश यांच्या तारेतली मेख वेगळीच होती. सैन्याने 11 वाजता जिथवर मजल मारली असेल, ती रेषा ओलांडायची नाही, असे तीत म्हटले होते. म्हणजे अकरापर्यंत पुढे सरकायला मोकळीक होती.

सकाळी 6.30. कॅनेडियन कोअरच्या मुख्यालयात युद्धविरामाची बातमी आली. रात्रभरात त्यांच्या सैनिकांनी मॉन्स शहर घेतले होते. 1914 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांची जर्मनांशी पहिली मोठी लढाई झाली, ती इथेच.

सकाळी 9. प्राइसची पलटण कालव्यापाशी पोहोचली. समोर व्हील-सुर-एन हे खेडे. तिथेच संदेश मिळाला : 11 वाजता लढाई बंद. उरले दोन तास.

दहा वाजून गेल्यावर. कालव्याच्या अलीकडे पलटण उघड्यावर होती. पलीकडच्या घरांच्या भिंतींतून विटा काढलेल्या दिसत होत्या, आणि अशी भोके पाडतात ती बंदुकीची नळी बाहेर काढायला. प्राइस आणि आणखी चौघे पूल ओलांडून पाहायला गेले. तसा हुकूम कुणी दिला नव्हता, असे त्यातल्या एकाने पुढे सांगितले. मला ते पटते. आपल्या सोबत्यांवर गोळ्या येऊ नयेत, एवढ्यासाठीच ते गेले असणार. पलीकडे जर्मन मशीनगन लावत होते. गोळीबार सुरू झाला. ही माणसे एका घरात शिरली, तिथून दुसऱ्यात.

तिकडे म्यूझ नदीकाठी, अकराला थोडेच कमी असताना, ओग्युस्तँ त्रेब्यूशाँ हा फ्रेंच निरोप्या गोळी लागून पडला. तोही खेड्यातला, मेंढपाळ. साडेअकराला जेवणासाठी जमा, असा निरोप तो घेऊन चालला होता. त्याच्या क्रॉसवर मृत्यूची तारीख 10 नोव्हेंबर अशी लिहिली गेली.

10.58. प्राइसने घरातून रस्त्यावर पाऊल टाकले आणि छातीत गोळी बसली. सोबत्याने त्याला ओढून आत घेतले. शेजारची एक तरुणी गोळ्यांची पर्वा न करता धावत आली. पण करण्यासारखे काही उरले नव्हते.

11.00. तोफा थांबल्या.

त्या एका दिवसात सर्व बाजूंचे मिळून सुमारे 2,700 जण मेले, असा अंदाज केला जातो. मॉन्सच्या मोहिमेत उगाच माणसे मारली, असा आरोप पुढे एका वृत्तपत्राने कॅनेडियन सेनापती आर्थर करी यांच्यावर केला. करी यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि 1928 मध्ये तो जिंकला. प्राइस सँ-सँफोरियाँच्या दफनभूमीत आहे. 1968 साली त्याच्या जुन्या सोबत्यांनी व्हील-सुर-एनमध्ये त्याच्या नावाची पाटी बसवली.

न्यायालयाने करी यांच्या बाजूने निकाल दिला, तेही ठीक. पण फॉश यांच्या तारेत ‘आता आहात तिथेच थांबा’ ही एक ओळ असायला हवी होती. ती नव्हती, आणि याची जबाबदारी फॉश यांचीच आहे.