गाडी तुमची, बॅटरी भाड्याची! ‘वापराल तेवढेच पैसे’ हा प्रकार नेमका काय आहे?

वस्तू विकली की कंपनीचं काम संपलं, ही व्यापाराची जुनी रीत. आता अनेक उत्पादक कंपन्या वस्तूऐवजी तिचा वापर विकतात आणि तास, किलोमीटर किंवा महिन्याच्या हिशेबानं पैसे घेतात.

सुरुवात कुठून झाली?

१९६२ साली ब्रिटनच्या ब्रिस्टल सिडली कंपनीनं बिझनेस जेटच्या ‘वायपर’ इंजिनासाठी ‘पॉवर बाय द अवर’ योजना आणली. विमान जितके तास उडेल, तितक्या तासांचे ठरलेले पैसे द्यायचे. त्या बदल्यात सुटे भाग आणि गरज पडल्यास बदली इंजिन देणं ही कंपनीची जबाबदारी. पुढे रोल्स-रॉइसनं ही कंपनी घेतली आणि प्रवासी विमानांच्या इंजिनांसाठीही अशा योजना सुरू केल्या.

कंपनीचा फायदा काय?

नियमित उत्पन्न. पण जबाबदारीही वाढते. एरवी वस्तू बिघडली की सुट्या भागांची विक्री होते. इथे बिघाडाचा खर्च कंपनीच्याच खिशातून जातो. त्यामुळे वस्तू टिकाऊ बनवणं तिच्याच फायद्याचं ठरतं. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळानं २०१५ मध्ये फिलिप्सशी असाच करार केला. विमानतळ वापरलेल्या प्रकाशाचे पैसे देणार, दिव्यांची मालकी फिलिप्सकडेच. म्हणून दुरुस्तीला सोपे आणि जास्त टिकणारे दिवे खास तयार केले गेले.

भारतात काय सुरू आहे?

एमजी विंडसर ही इलेक्ट्रिक कार सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाख रुपयांना आली, पण बॅटरीशिवाय. बॅटरीचं भाडं किलोमीटरमागे साडेतीन रुपये. बॅटरीसह सुरुवातीची किंमत होती १३.५० लाख.

ग्राहकाला परवडतं का?

दोन्ही किमतींत फरक सुमारे साडेतीन लाखांचा. म्हणजे व्याज सोडलं, तर साधारण एक लाख किलोमीटरला भाडं आणि फरक सारखा होतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला तिथे पोहोचायला आठ वर्षांहून अधिक लागतील. अडीच हजार किलोमीटर चालवणारा ४० महिन्यांत पोहोचेल आणि त्यानंतरही भाडं भरत राहील.

सही करण्यापूर्वी काय तपासाल?

- गाडी उभी असली तरी किमान किलोमीटरचे पैसे द्यावे लागतात का?
- हप्ता थकला तर काय होतं?
- गाडी विकताना बॅटरीचा करार नव्या मालकाच्या नावावर होतो का?

सुरुवातीची किंमत कमी दिसते, पण खरा खर्च ठरतो तुमच्या वापरावर. त्यामुळे आधी स्वतःचे महिन्याचे किलोमीटर मोजा, मगच योजना निवडा.