मावळ्याची ढाल



दिवाळी आली कीं जळगांव-धुळ्याच्या अंगणांतून मातीचे किल्ले उभे राहतात आणि बाजारांतून आणलेले मावळे त्यांवर चढतात. किल्ला मुलें स्वतः रचतात. मावळा मात्र बहुधा रंगवून आलेलाच घेतात. अस्सल पुराव्यावांचून इतिहास सांगूं नये, असा आग्रह धरणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यासच निवर्तले. मुलाच्या हातीं जुना कागद येण्यापूर्वीं कुंचला येतो. म्हणून तो आग्रह या चिमुकल्या शिपायासही लागू करावा.

साच्यांतून निघालेल्या दहा मावळ्यांचा पोशाख एक आणि ढालही एकसारखी चंदेरी, असें पुष्कळदां दिसतें. लंडनच्या विल्यम ब्रिटनच्या कारखान्यानें १८९३ पासून पोकळ शिशाचे शिपाई काढले. त्यांना ही एकरूपता शोभे. कारण ज्या पलटणींचे ते नमुने, त्यांना सरकारी गणवेश होता. शिवकालीन मावळ्यास तो नव्हता. शिलेदार तर स्वतःचा घोडा व स्वतःचीं हत्यारें घेऊनच चाकरीस येई. सामान ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें असे.

आतां ढालीकडे वळूं. ती वाटोळी व मध्यें फुगीर असे. पोलादी ढालीही होत्या. परंतु कातड्याची ढाल हलकी, आणि रोगण दिल्यामुळें काळसर किंवा तपकिरी दिसे. समोर बहुधा धातूचीं चार फुलें असत. तीं केवळ शोभेचीं नसत; आंतल्या मुठीचीं कडीं ज्या खिळ्यांनीं बसवीत, त्यांवर तीं येत. आंत बोटांचे सांधे टेकण्यास लहानशी गादी असे.

म्हणून मावळा कोरा आणावा. खडूचा पांढरा हात वाळल्यावर प्रथम अंग, मग वस्त्रें, शेवटीं हत्यारें रंगवावीं. ढालीसाठीं काजळींत गेरू मिसळावा. एकीस अधिक, दुसरीस कमी. ती वाळली म्हणजे काडीच्या टोकानें चार पिवळे ठिपके द्यावे, व प्रत्येकावर पांढरा बिंदु. पितळ चमकूं लागेल. बंदुकीचा दस्ता लांकडी रंगाचा, नळी काळी.

आणि किल्ला साल्हेरचा करावा. खानदेशास लागून बागलाणांत तो उभा आहे. २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींतही आला. १६७२ सालीं तेथें मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनीं वेढा घालून बसलेल्या मोगलांचा उघड्या मैदानांत पराभव केला. त्या लढाईंत सूर्याजी काकडे पडले. त्यांचें नांव राहिलें. त्यांच्यासवें पडलेल्या बहुतेकांचें राहिलें नाहीं. निदान त्यांच्या ढाली तरी आपल्या मुलांनीं एकाच रंगांत बुडवूं नयेत. दहा मावळे असतील तर दहा ढाली निरनिराळ्या असोत.