अंकीय प्रतिमेचे आकारमान आणि पिक्सेलचे गणित : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अंकीय प्रतिमा मोठी केली की तिच्यातील तपशीलही वाढतो, असा एक सार्वत्रिक समज आढळतो. वस्तुतः प्रतिमेत जे नाही ते गणिताने अनुमानित केले जाते. या अनुमानाच्या इतिहासाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. त्या प्रतिमेत १७६ × १७६, म्हणजे ३०,९७६ पिक्सेल होते. पिक्सेल चौकोनी ठेवण्याचा निर्णय कर्श यांना स्वतःलाच पुढे खटकला, आणि २०१० मध्ये त्यांनी निरनिराळ्या आकारांच्या पिक्सेलची पद्धत सुचविली.

या प्रश्नाला खरी निकड आली ती उपग्रहांमुळे. १९७२ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-१ च्या प्रतिमा नकाशावर बसविताना मूळ पिक्सेलांच्या मधल्या जागी नवी मूल्ये काढावी लागत. जवळच्या पिक्सेलचे मूल्य जसेच्या तसे उचलणे ही सर्वांत सोपी रीत. परंतु तीत कडा पायऱ्यांसारख्या तुटतात. दोन शेजाऱ्यांची सरासरी घेतल्यास त्या पुसट होतात. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या त्रिघाती पद्धतीत एका ओळीतील चार शेजारी विचारात घेतले जातात. मध्यबिंदूसाठी आतल्या दोघांना प्रत्येकी ९/१६ आणि बाहेरच्या दोघांना उणे १/१६ इतका भार असतो. ओळीतील मूल्ये १००, २००, २००, २०० असतील तर नव्या पिक्सेलचे मूल्य २०६.२५ येते. मूळ ओळीत २०० पेक्षा उजळ काहीही नव्हते! कडा ठसठशीत भासते ती या उसन्या उजेडामुळेच. मोडी दस्तऐवजाचा स्कॅन मोठा करून वाचणाऱ्या अभ्यासकालाही शाईचा ठिपका आणि गणिताची छाया यांतील फरक मूळ आकाराच्या स्कॅनवरच पडताळता येतो.

१९८८ मध्ये डॉन मिचेल आणि मुंबईच्या आय.आय.टी.चे माजी विद्यार्थी अरुण नेत्रावळी यांनी अशा त्रिघाती गाळण्यांचे एक कुलच मांडले. त्यांतील निवड त्यांनी केवळ सूत्रांवर न सोडता प्रेक्षकांच्या डोळ्यांवर सोपविली, हे विशेष होय. पुसटपणा आणि कडेभोवतीची वलये यांत तडजोड करावी लागते, ती अखेर माणसाच्या नजरेनेच ठरली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील केनोशा येथील एका खून खटल्यात चित्रफीत पडद्यावर मोठी करून दाखविण्यास बचाव पक्षाने हरकत घेतली. त्या क्रियेत नवे पिक्सेल मिसळत नाहीत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी न्यायाधीशांनी सरकार पक्षावर टाकली.