पांढुर्णा-सौंसरात घर घेताय? आधी हे कागद स्वतः वाचा

पांढुर्णा : नरखेड, काटोल, वरुडकडचा माणूस इथे घर पाहायला आला की पहिले सातबारा मागतो. मध्यप्रदेशात सातबारा नाही. त्याच्या जागी खसरा आणि बी-१ (खतौनी) आहे. तलाठ्याचं काम इथे पटवारी करतो, फेरफाराला नामांतरण म्हणतात, एन.ए.ला डायव्हर्शन आणि रेडी रेकनरला गाईडलाईन दर. घरात मराठी बोलणाऱ्या दोन कुटुंबांतला व्यवहारही कागदावर हिंदीत उतरतो. त्यामुळे पुष्कळ जण न वाचताच सही करतात, आणि भानगड तिथूनच सुरू होते.

घरखरेदीसाठी वकील लावलाच पाहिजे असा कायदा नाही. खरेदीखत स्वतः लिहिता येतं. १० ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या संपदा २.० या पोर्टलवर स्वतःचं खातं उघडून दस्त तयार करता येतो. तरी बहुतेक लोक सेवा प्रदात्याकडूनच काम करून घेतात, आणि त्यात गैर काही नाही. फक्त एक लक्षात ठेवावं : सेवा प्रदाता दस्त भरून देतो. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे की नाही, हे तपासणं त्याचं काम नाही. ते घेणाऱ्याचं काम.

म्हणून सुरुवात विकणाऱ्यापासून करावी. एमपी भूलेखवर गाव आणि खसरा नंबर टाकून चालू खसरा, बी-१ आणि नकाशा काढावा. नाव कुणाचं आहे आणि कैफियतीच्या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कोर्टाची नोंद आहे का, ते पाहावं. रकबा हेक्टरमध्ये असतो, सौदा मात्र चौरस फुटात होतो. ०.०१४ हेक्टर म्हणजे १४० चौरस मीटर, साधारण १,५०७ चौरस फूट. सौद्यात १,८०० फूट सांगत असतील तर उरलेले तीनशे फूट कुठून आले, ते तिथेच विचारावं.

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती वारसांच्या मुद्द्यावर. वडील वारले, फौती नामांतरणात दोन भावांची नावं चढली, आणि बहिणी लग्न होऊन नरखेडला नाहीतर मोर्शीला गेल्या. त्यांची नावं कुणी लिहिलीच नाहीत. भाऊ म्हणतात, ‘बहिणींचं काही म्हणणं नाही.’ म्हणणं नसेल तर ते कागदावर पाहिजे. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, हिंदू वारसा कायद्याने मुलीला १९५६ पासूनच मुलाइतका वाटा आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून हिस्सेदार झाली, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. तेव्हा बहिणींच्याही सह्या खरेदीखतावर घ्याव्यात, नाहीतर त्यांचं नोंदणी केलेलं हक्कत्यागपत्र मागावं. राखीपौर्णिमेला तोंडी सोडलेला हिस्सा उपपंजीयकाकडे चालत नाही.

नामांतरण झालंय म्हणजे मालकी पक्की, हाही गैरसमजच. खसऱ्यातली नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. मालकी सिद्ध होते ती दस्तांच्या साखळीने : आजच्या मालकाने कुणाकडून घेतलं, त्याने कुणाकडून, असं निदान तीस वर्षं मागे जावं. जुन्या रजिस्ट्रीवर ‘जिल्हा छिंदवाडा’ दिसेल. त्याने घाबरायचं कारण नाही, पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. मात्र जुना दस्त शोधायला कोणत्या कार्यालयात जायचं, हे आधी विचारून घेतलं तर फेरा वाचतो.

गावातल्या जुन्या आबादीतलं घर असेल तर मामला वेगळा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याकडेही रजिस्ट्री नसते, असते ती घरपट्टीची पावती. कर भरला म्हणून मालकी मिळत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अधिकार अभिलेख दिले जातात. तो निघाला असेल तर त्यातलं नाव आणि माप जुळवावं.

गावाबाहेरच्या ‘कॉलनी’तला प्लॉट असेल तर डायव्हर्शन, नगर तथा ग्राम निवेशची मंजुरी आणि कॉलनायझरचं लायसन्स, तिन्ही मागावं. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा घरं आठाहून जास्त असतील तर रेराची नोंदणीही लागते. शेतात चुना टाकून पाडलेले प्लॉट स्वस्त पडतात, पण पुढे नळ, रस्ता आणि बँकेचं कर्ज, तिन्हीसाठी झुरावं लागतं. जमीन आदिवासी भूमिस्वामीची असेल तर भू-राजस्व संहिता, १९५९ चं कलम १६५ लागू होतं : अधिसूचित क्षेत्रात गैरआदिवासीला ती घेताच येत नाही, इतर ठिकाणी आधी कलेक्टरची परवानगी पाहिजे. नोकराच्या किंवा ओळखीच्या आदिवासीच्या नावावर घेऊन ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठावं.

इसार देताना घाई करू नये. इसारपत्रात खसरा नंबर, चतुःसीमा, पूर्ण किंमत, मुदत, आणि कागदात दोष निघाल्यास पैसे परत, हे लिहून घ्यावं. पैसे बँकेतूनच द्यावेत. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड आहे. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर एक टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापून भरायचा असतो, हे घेणाऱ्यालाच माहीत नसतं.

नोटरीचा इकरारनामा आणि मुखत्यारपत्र घेऊन कब्जा मिळाला तरी मालकी मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने हे २०११ मध्ये सांगून ठेवलंय. शंभर रुपये किंवा जास्त किमतीच्या घराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, आणि दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला द्यावा लागतो. महिलेच्या नावावर घेतल्यास नोंदणी शुल्कात सवलत आहे, ती आधी हिशेबात धरावी.

रजिस्ट्रीनंतर तहसीलीतलं नामांतरण आणि नगरपालिकेतलं नाव बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. पूर्ण खसरा विकला असेल तर सायबर तहसीलमधून नामांतरणाचं प्रकरण आपोआप लागतं, खसऱ्याचा तुकडा असेल तर मामला तहसीलदारासमोर जातो. दोन-तीन महिन्यांनी भूलेखवर पुन्हा खसरा काढून नाव चढलं का ते पाहावं.

कोर्टात दावा चालू असेल, वारसांत अज्ञान मूल असेल किंवा विकणारा मृत्युपत्रावरून हक्क सांगत असेल, तर वकिलाची फी वाचवायला जाऊ नये. अज्ञानाचा हिस्सा विकायला आई-वडिलांनाही कोर्टाची परवानगी लागू शकते.